मुळ्या, वनस्पती व धूपद्रव्ये, लोकाचारातील

रोगनिवारण, सुलभ प्रसूती, दृष्ट काढणे, विष उतरविणे, घरादाराचे व गुराढोरांचे रक्षण इ. हेतूंनी वनस्पतींची मुळे, पाने, फळे, तसेच झाडांपासून पाझरणारे राळेसारखे पदार्थ वापरण्याची परंपरा लोकजीवनात सर्वत्र आढळते. या परंपरेत औषध आणि यातू (जादू) असे दोन वेगळे विभाग नाहीत. एकच मुळी दंडात बांधली की ताईत होते, सहाणेवर उगाळून पाजली की औषध होते आणि निखाऱ्यावर टाकली की धुरी होते. बांधणे, उगाळून देणे किंवा लावणे आणि धुरी देणे या तीन कृतींभोवती हा सारा आचार उभा आहे. करणाऱ्याच्या दृष्टीने त्या एकाच उपायाची तीन रूपे असली, तरी त्यांचे शरीरावरील परिणाम अगदी भिन्न असतात. बांधलेली मुळी सहसा निरुपद्रवी असते. पोटात गेलेली तीच मुळी प्राणघातक ठरू शकते. या परंपरेचे मूल्यमापन करताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मराठवाड्यातील, विशेषतः परंडा व त्याच्या आसपासच्या प्रदेशाच्या पार्श्वभूमीवर या परंपरेचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

प्रदेश : परंडा हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या पश्चिम भागातील तालुक्याचे ठिकाण. सीना नदीचे खोरे आणि बालाघाटचे पठार यांच्या सांध्यावरील हा मुलूख अवर्षणप्रवण आहे. घनदाट अरण्य येथे नाही. पण शेताचे बांध, गावठाणाच्या कडा, ओढ्यांचे काठ आणि माळ यांवर आघाडा, रुई, धोत्रा, तरवड, निवडुंग, बोर, बाभूळ, कडुलिंब अशा वनस्पती विपुल आढळतात. लोकाचारातील बहुतेक मुळ्या व पाने याच सहज मिळणाऱ्या वनस्पतींची आहेत. धूपद्रव्यांची गोष्ट निराळी आहे. गुग्गुळ कच्छ व राजस्थानातून, राळ मध्य व उत्तर भारतातील शालवनांतून, लोबान सागरापलीकडील सुमात्रा बेटातून येत असे. त्यामुळे येथील लोकाचाराचे मुळी बांधावरची आणि राळ बाजारातली असे दुहेरी स्वरूप बनले. पहिली घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीस व वैदूस ठाऊक असे, तर दुसरीसाठी काष्ठौषधींच्या दुकानाची व पर्यायाने दूरवरच्या व्यापाराची गरज पडे. या परंपरेच्या इतिहासात म्हणूनच खेड्यातील समजुतींबरोबर व्यापारी मार्गांचा व राजसत्तांचाही विचार करावा लागतो.

प्राचीन परंपरा : वनस्पतींच्या यात्वात्मक उपयोगाचे भारतातील सर्वांत जुने विस्तृत साहित्य अथर्ववेदात सापडते. त्यात अपामार्ग म्हणजे आघाडा (ॲकिरँथस ॲस्पेरा) यास उद्देशून सूक्ते आहेत आणि पुसून टाकणारा या त्याच्या नावाच्या अर्थावरच पाप, शाप व कृत्या पुसून टाकण्याची कल्पना आधारलेली आहे. हिमालयात उगवणारी कुष्ठ ही सुगंधी मुळी ज्वरनाशक म्हणून तेथे गौरविली आहे. गुग्गुळाच्या सुगंधाने यक्ष्मा दूर राहतो, अशी श्रद्धाही त्याच वेदात व्यक्त झाली आहे. जंगिड नावाची वनस्पती मणी म्हणजे ताईत म्हणून बांधण्यास सांगितली आहे. ही सूक्ते कोणत्या कृतीच्या वेळी म्हणावयाची आणि कोणती वनस्पती कशी वापरावयाची, याचे विधान कौशिकसूत्रात आहे. बांधणे, पाजणे व धूप देणे या तिन्ही कृती तेव्हाच प्रस्थापित झालेल्या दिसतात.

आयुर्वेदाच्या संहितांनी या परंपरेचा त्याग केला नाही. तिला स्वतंत्र स्थान दिले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, औषधिधारण, मणिधारण, बली, होम इ. उपाय पहिल्या प्रकारात येतात. आहार व औषध यांची योग्य योजना दुसऱ्यात, तर अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह तिसऱ्यात येतो. औषधी अंगावर धारण करणे आणि औषधी पोटात घेणे यांतील भेद शास्त्रकारांनी येथे स्पष्टपणे ओळखला होता, ही बाब महत्त्वाची आहे. त्याच संहितेच्या कल्पस्थानात वनस्पती गोळा करणाऱ्याने शुचिर्भूत होऊन, शुभ्र वस्त्रे नेसून, देवतांचे पूजन करून व उपोषित राहून पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून ती घ्यावी, असे सांगितले आहे. काश्यपसंहिता या बालरोगविषयक ग्रंथात धूपकल्प हा स्वतंत्र अध्याय आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या औपनिषदिक या चौदाव्या अधिकरणात मात्र वनस्पतींचा दुसरा चेहरा दिसतो. शत्रूस आंधळा वा वेडा करणारे धूर, विषारी चूर्णे व चमत्कार घडविणारे लेप यांचे ते संकलन आहे. रोगनाशक व घातक उपयोग प्रारंभापासूनच एकमेकांशेजारी नांदत होते, असे यावरून दिसते.

धूपद्रव्यांचा व्यापार : परंड्याच्या पूर्वेस, त्याच जिल्ह्यात तेरणाकाठी वसलेले तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण व तगर येथून बॅरिगाझा (भडोच) बंदराकडे गाड्यांतून माल जात असल्याचा उल्लेख आहे. तगरहून मुख्यतः कापड व किनारी प्रदेशांतून तेथे आलेला इतर माल पाठविला जाई. त्याच ग्रंथात बॅरिगाझाच्या निर्यातीत जटामांसी, कुष्ठ व गुग्गुळ यांचा, तर आयातीत स्टोरॅक्स या भूमध्यसागरी राळेचा समावेश आहे. अरबस्तानातील ऊद सिंधूच्या मुखाशी असलेल्या बार्बरिकॉन बंदरात उतरे. गाडीरस्त्याने भडोचशी जोडलेला हा प्रदेश सुगंधी मुळ्या व राळा यांची देवघेव होणाऱ्या व्यापाराच्या कक्षेत दोन हजार वर्षांपासून होता.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात धूप हा राजवैभवाचा भाग बनला. तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लास (सु. ११३०) या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये धूपभोगाचे स्वतंत्र वर्णन आहे. मराठीपुरते पाहता गंधवाद या सुगंधशास्त्रीय ग्रंथावरील मराठी टीका विशेष उल्लेखनीय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी ती प्रकाशात आणली व तिचा काळ सु. १३५० ते १५५० असा ठरविला. द्रव्यांची शुद्धी व त्यांचे मिश्रण यांविषयीचे ज्ञान मराठी भाषेतून सांगण्याची गरज त्या काळी निर्माण झाली होती, असे या टीकेवरून दिसते.

धूपद्रव्यांच्या नावांचा प्रवासही उद्बोधक आहे. अरबी भाषेत ऊद म्हणजे लाकूड, विशेषतः अगरूचे सुगंधी लाकूड. मराठीत मात्र ऊद हा शब्द निखाऱ्यावर टाकावयाच्या राळेस लावतात. अरबी लुबान म्हणजे बॉस्वेलिया या प्रजातीच्या झाडाचा डिंक. मराठी लोबान मात्र बहुधा सुमात्रातील स्टायरॅक्स वृक्षाची राळ असते. तिला अरब व्यापारी जावा बेटाच्या नावावरून लुबान जावी म्हणत व त्याच शब्दापासून यूरोपीय भाषांतील बेंझॉइन हे नाव आले. बॉस्वेलिया प्रजातीतील सालई हा वृक्ष महाराष्ट्राच्या शुष्क डोंगरांत उगवतो व त्याचा डिंक कुंदुरू म्हणून संस्कृत ग्रंथांना परिचित आहे. डिकेमाली ही गार्डेनिया प्रजातीतील झुडपाची उग्र वासाची राळ या देशातीलच असून दात येणाऱ्या मुलांना व जंतांवर ती देत. बाहेरून आलेल्या द्रव्याने स्थानिक द्रव्याचे नाव वा स्थान घ्यावे आणि विधी तोच राहावा, असे या क्षेत्रात वारंवार घडले आहे.

सुलतानी काळ : परंड्याच्या भुईकोट किल्ल्याचे बांधकाम बहमनी वजीर महमूद गावान (मृत्यू १४८१) याच्याकडे परंपरेने जाते. पुढे किल्ला निजामशाहीत गेला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहास परंडा येथेच गादीवर बसविले. अहमदनगरात १५४९ मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान ही तोफ १६३२ मध्ये परंड्याहूनच विजापुरास नेण्यात आली. निजामशाही व आदिलशाही या दोन्ही दरबारांच्या सीमेवर असलेल्या या गावाच्या सांस्कृतिक इतिहासात त्या दरबारांतील वैद्यक व यातुविद्या यांचाही विचार करावा लागतो.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला. पहिल्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले व त्याच्या दरबारातील हकिमांशी चर्चा केल्या. भारतातील औषधिद्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला. लोबान, हिंग, भांग, धोत्रा इत्यादींची माहिती त्यात प्रत्यक्ष विचारपूस करून दिलेली आहे. चोर अन्नात धोत्रा मिसळून माणसाची शुद्ध हरपवितात व त्यास लुबाडतात, असे तो नोंदवितो. नागाशी झुंजणारे मुंगूस एका विशिष्ट मुळीचा आश्रय घेते, ही समजूतही त्याने लंकेच्या संदर्भात दिली आहे. मुंगूस विष उतरविण्यासाठी मुळी खाते व ती मुळी माणसाच्याही उपयोगी पडते, ही कल्पना महाराष्ट्रात मुंगूसवेलीच्या नावाने आजही आढळते.

विजापूरच्या दरबारात याच सुमारास (१५७०) नुजूम-उल्-उलूम हा ज्योतिष, ताईत, मंत्र व ग्रहदेवता यांविषयीचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. त्यात भारतीय व इस्लामी परंपरांचे मिश्रण आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात सुगंधी द्रव्यांवर इत्र-ए-नवरसशाही हा फार्सी ग्रंथ रचला गेला. दरबारातील या मिश्रणाचे प्रतिरूप लोकजीवनातही दिसते. मराठवाड्यात दर्ग्यातील ऊद आणि देवळातील धूप यांच्या उपयोगामागील श्रद्धा सारखीच आहे. सोनारीचा भैरवनाथ असो वा परंड्याचा ख्वाजा बद्रुद्दीनचा दर्गा, दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या धर्मांचे लोक नवसास जातात. धुरातून दैवत जवळ येते व बाधा दूर जाते ही समजूत त्यांना समान आहे.

मुळी घेण्याचे विधी : वनस्पतीत शक्ती असली, तरी ती योग्य रीतीने घेतल्यावाचून फलद्रूप होत नाही, हा या आचाराचा गाभा आहे. आदल्या संध्याकाळी झाडाजवळ जाऊन अक्षता व सुपारी ठेवून त्यास आमंत्रण द्यावयाचे. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी, कोणाशी न बोलता, मागे वळून न पाहता मुळी काढावयाची. तिला लोखंड लावावयाचे नाही. तिच्यावर आपली सावली पडू द्यावयाची नाही, असे दंडक सांगतात. रविवारी पुष्य नक्षत्र असता येणारा रविपुष्य योग, ग्रहणकाल व अमावास्या हे विशेष फलदायी मानतात. ही बंधने केवळ भारतीय नाहीत. रोमन लेखक थोरला प्लिनी याने गॉल प्रदेशातील ड्रुइड पुरोहित एक वनस्पती लोखंडाचा स्पर्श न होऊ देता घेत असल्याचे लिहिले आहे. मनुष्याकृती मुळाची मँड्रेक ही वनस्पती कुत्र्याकडून उपटवून घेण्याची समजूत यूरोपात व पश्चिम आशियात प्रचलित होती. या नियमांचा एक व्यावहारिक परिणाम असा, की मुळी कोणालाही, केव्हाही व हवी तितकी काढता येत नसे. त्यामुळे ती जाणणाऱ्याचे महत्त्व टिकत असे आणि वनस्पतीवरील ताणही मर्यादित राहत असे.

साम्य व नामसाम्य : वनस्पतीची निवड पुष्कळदा तिच्या आकारावरून वा नावावरून झालेली असते. जेम्स फ्रेझर या मानवशास्त्रज्ञाने सादृश्यमूलक यातू म्हणून ज्या प्रकाराचे वर्णन केले, त्याची ही उदाहरणे होत [⟶ यातुविद्या]. पिळासारख्या मुरुडशेंगेचा उपयोग पोटातील मुरड्यावर करतात. कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा) या वेलीचे नावच प्रसूतीच्या कळा लावणारी असे आहे. मार्टिनिया ॲन्युआ या झुडपाचे आकडेदार फळ विंचवाच्या नांगीसारखे दिसते. त्यास विंचू असेच म्हणतात व विंचूदंशावर ते वापरतात.

या शेवटच्या उदाहरणाचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. मार्टिनिया ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील वनस्पती असून ती भारतात यूरोपीयांच्या आगमनानंतर पोहोचली. मिरचीची गोष्टही तशीच आहे. मीठ, मोहरी व मिरच्या ओवाळून विस्तवात टाकावयाच्या आणि ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती असे मानावयाचे, हा आचार फार पुरातन समजला जातो. परंतु मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात येथे आली. दृष्टीवरील मोहरी-मिठात अथवा दारावरील लिंबू व बिब्याच्या जोडीला ती त्यानंतरच आली असली पाहिजे. लोकाचार म्हणजे वैदिक काळापासून जसाचा तसा उतरलेला ठेवा, ही समजूत यावरून टिकत नाही. जुन्या तर्कात नवे द्रव्य सामावून घेण्याची क्षमता हेच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण दिसते.

प्रमुख वनस्पती : (१) आघाडा. गणपतीच्या एकवीस पत्रींत याचा समावेश आहे. श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ वाहतात. ऋषिपंचमीस स्त्रिया त्याच्या काडीने दात घासतात. नवग्रहांच्या समिधांत तो बुधाचा मानला जातो. विंचूदंशावर त्याची मुळी वरून खाली उतरवितात वा उगाळून लावतात. अडलेल्या बाळंतिणीच्या केसांत किंवा कमरेस ती बांधतात आणि प्रसूती होताच काढून टाकतात. न काढल्यास अनर्थ ओढवतो, अशी समजूत आहे.

(२) कळलावी. निघंटूंत हिला लांगली, विशल्या, गर्भनुत् अशी नावे आहेत. हिचा कंद उगाळून बेंबीभोवती व तळपायांस लावीत. कंदात कोल्चिसीन हे तीव्र विष असते. तो पोटात गेल्याने मृत्यू ओढवल्याची अनेक उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नमूद आहेत.

(३) रुई. मारुतीस शनिवारी रुईच्या पानांची माळ घालतात. पांढऱ्या रुईच्या म्हणजे मांदाराच्या जुन्या मुळास गणपती मानून पूजतात. तिसरा विवाह अशुभ मानून पुरुषाचे लग्न आधी रुईशी लावण्याचा अर्कविवाह हा संस्कार धर्मशास्त्राने मान्य केला होता. येथे झाडाने अशुभ स्वतःवर घ्यावे, अशी कल्पना आहे.

(४) बिबा (सेमेकार्पस ॲनाकार्डियम). काळ्या दोऱ्यात ओवलेला बिबा मुलांच्या गळ्यात व दारावर बांधतात. परीट कपड्यांवर खूण करण्यासाठी याच फळाचा रस वापरीत. या रसाने त्वचा पोळते व फोड येतात. एखाद्याच्या कामात विघ्न आणणे या अर्थी बिबा घालणे हा मराठी वाक्प्रचार रूढ आहे. दाहक वस्तूने वाईट नजर पोळावी, हा तिच्या वापरामागील विचार दिसतो.

(५) वेखंड. तान्ह्या मुलाच्या गुटीत ते उगाळतात, अंगास त्याची पूड लावतात व तुकडा गळ्यात बांधतात. वेखंडातील बीटा-ॲसरोन या घटकाच्या प्राण्यांवरील दुष्परिणामांमुळे अमेरिकेत १९६८ पासून अन्नपदार्थांत त्याच्या वापरास बंदी आहे.

(६) कडुलिंब. गुढीपाडव्यास त्याचा पाला खातात. देवीच्या साथीत दारावर डहाळ्या बांधीत व रोग्यास त्याच पाल्याने वारा घालीत. अंत्यविधीहून परतल्यावर पाला चावून तोंड कडू करतात. नववर्ष, रोग व मृत्यू या तिन्ही संक्रमणांवर एकाच झाडाची योजना झाली आहे. देवीचा रोग भारतातून १९७५ मध्ये नाहीसा झाला व १९७७ मध्ये तसे प्रमाणित करण्यात आले. हे कार्य लसीने व साथीच्या काटेकोर शोधाने झाले. दारावरच्या डहाळीमागील रोगनिवारणाचा हेतू त्यामुळे मागे पडला. गोवर, कांजिण्या यांच्या संदर्भात तो आचार काही ठिकाणी उरला.

धुरी : बाळंतीण व मूल यांना बाजेखाली वा शेजारी शेगडी ठेवून शेक व धुरी देण्याची चाल सर्वत्र होती. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणीच्या साली व ऊद ही तीत नेहमीची द्रव्ये होत. तिन्हीसांजेस घरभर धूप फिरविणे, गोठ्यात निंबाचा पाला जाळणे, झपाटलेल्याच्या नाकाशी मिरची वा गुग्गुळ यांचा उग्र धूर धरणे, हे प्रकार याच वर्गात पडतात. सुगंध देवतेस बोलावतो आणि उग्रगंध बाधेस हाकलतो, असा भेद त्यांत पाळला जातो. काही धुरांचे डास व कीटक दूर ठेवण्याचे गुण सर्वपरिचित आहेत. ऊदाच्या राळेतील एका घटकाचा उंदरांच्या मेंदूवर भीती कमी करणारा परिणाम होतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. दुसरीकडे कोंदट खोलीतील धूर नवजात अर्भकाच्या श्वसनमार्गास अपायकारक ठरतो, हेही निर्विवाद आहे. झपाटलेल्याच्या नाकाशी धरलेला मिरचीचा धूर तर मानसिक आजाराने पीडित व्यक्तीचा छळच होय.

ज्ञानाचे धारक : घरातील वृद्ध स्त्रिया, सुईण, वैदू, गारुडी, देवऋषी आणि काष्ठौषधींचे दुकानदार हे या परंपरेचे वाहक होत. त्यांपैकी वैदू ही भटकी जमात मूळची तेलुगू भाषक असून खांद्यावरील कावडीत वा झोळीत मुळ्या घेऊन गावोगाव फिरत असे. रे. ए. एंथोव्हेन यांच्या मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरील ग्रंथात (१९२०–२२) तिची नोंद आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील मढी येथील कानिफनाथाच्या यात्रेत इतर भटक्या जमातींप्रमाणे वैदूही एकत्र येत असत. सुईणीचे ज्ञान स्त्रियांपुरते व तोंडी होते. देवऋषी रोगाचे कारण सांगे. मुळी बहुधा दुसऱ्याकडून येई. मुळीच्या गुणाविषयीचे अनुभवजन्य ज्ञान आणि संकटाच्या कारणाविषयीचा कौल ही दोन कामे अशा रीतीने पुष्कळदा वेगळ्या व्यक्तींकडे असत.

आधुनिक काळ : विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातील औषधी वनस्पतींवरील आपला ग्रंथ मुंबईस १८८३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे वॉर्डन व हूपर यांच्यासह त्यांनी फार्माकोग्राफिया इंडिका (१८९०–९३) हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत रासायनिक माहितीबरोबर लोकसमजुतीही नोंदविल्या आहेत. त्यानंतरच्या औषधशास्त्रात मात्र समजुतींचा भाग गळत गेला व केवळ द्रव्य उरले.

सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. नावाने व लोकसमजुतीने ही मुळी सर्पविषावरील. वेड व निद्रानाश यांवरही ती दिली जाई. कलकत्त्यातील सेन व बोस यांनी १९३१ मध्ये रक्तदाब व उन्माद यांवरील तिच्या उपयोगाकडे लक्ष वेधले. मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यापासून रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. सापाविषयीचा दावा टिकला नाही. शांत झोप आणणारी मुळी हा दुय्यम वाटणारा अनुभव मात्र खरा ठरला. लोकज्ञान सर्वस्वी ग्राह्य वा सर्वस्वी त्याज्य मानणे दोन्ही कसे चुकीचे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

सर्पदंश व विंचूदंश यांबाबत विलंब हाच मुख्य धोका असतो. बिनविषारी सापाच्या दंशानंतर रोगी कोणत्याही मुळीने बरा झालेला दिसतो व त्या मुळीची ख्याती वाढते. विषारी दंशात तेच काही तास प्राण घेतात. सर्पविषावर मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या संस्थांनी तयार केलेली प्रतिविषे हाच प्रमाणित उपाय होय. विंचूदंशावर महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्याने मृत्यूचे प्रमाण पुष्कळ घटले.

कायद्याने या क्षेत्रात दोन टप्प्यांत प्रवेश केला. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याने ताईत, मंत्र, कवच इत्यादींच्या रोगनाशक गुणांच्या जाहिरातींवर निर्बंध घातले. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्र शासनाने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला व त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा अधिनियम झाला. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणे त्यान्वये गुन्हा ठरते. मुळी बांधणे हा गुन्हा नसून तिच्यासाठी उपचार अडविणे हा गुन्हा आहे, ही त्यातील मर्यादारेषा लक्षणीय आहे.

बाजाराने या परंपरेचे वेगळेच नुकसान केले आहे. हत्ताजोडी नावाची, जोडलेल्या हातांसारखी दिसणारी मुळी धनप्राप्तीसाठी विकली जाते. २०१७ च्या सुमारास झालेल्या तपासण्यांत अशा नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तू म्हणजे घोरपडीच्या नराचे वाळविलेले जननेंद्रिय असल्याचे उघड झाले. घोरपड वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. गुग्गुळाची झाडे डिंकासाठी खोल चिरा देऊन मारली गेल्याने ती जाती आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त गणली जाते. सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापारही नियंत्रित करावा लागला. आमंत्रण देऊन एक मुळी घेणारा वैदू आणि पोत्याने मुळ्या उचलणारा ठेकेदार यांच्यातील फरक येथे प्रत्ययास येतो.

लोकपरंपरेच्या नोंदीस व्यावहारिक मूल्यही आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगास अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले एकस्व, जुने लिखित पुरावे सादर झाल्याने १९९७ मध्ये रद्द झाले. मराठवाड्यातील सुईणी व वैदू यांचे बरेचसे ज्ञान मात्र तोंडीच राहिले. प्रसूती रुग्णालयांत होऊ लागल्या व वैदूंचे तरुण इतर व्यवसायांत गेले, तसे ते वेगाने लोपत आहे. त्याची नोंद करताना वनस्पतीचे नाव व ती कोणत्या रोगावर वापरतात एवढेच लिहून भागत नाही. कोणता भाग, कोणत्या ऋतूत, कोणी, कोणत्या विधीने घेतला आणि तो बांधला, जाळला, लावला की पाजला, हे स्वतंत्रपणे नमूद करणे आवश्यक आहे. तसे केले, तरच त्यातील श्रद्धेचा इतिहास, औषधाची शक्यता आणि विषाचा धोका ही तिन्ही वेगवेगळी ओळखता येतील.